पुण्याहून हिमबिबट्याच्या मागावर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

डोंगरात जाणकार वाटाड्या घेऊन मोठ्या जनावराचा माग काढायची हौस असेल, तर आपल्या देशात आता एकच हत्यार चालतं: दुर्बीण. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनंतर हौसेची शिकार बंद झाली. हिमबिबट्या तर या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात आहे. बाकी सगळं शिकारीसारखंच आहे. डोंगराच्या धारा न्याहाळायच्या, पावलांवरून दिशा ओळखायची, वारा खात तासनतास बसायचं.

पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण पैसे चुकीच्या जागी घालतात: लेन्सवर आणि लेहच्या हॉटेलवर. हिमबिबट्या लेन्सला सापडत नाही, गावातल्या माग काढणाऱ्याच्या नजरेला सापडतो. तुमचं काम एवढंच, की ती नजर पुरेशा दिवसांसाठी ठरवायची आणि तितके दिवस स्वतःचं शरीर धड ठेवायचं. खालच्या पायऱ्या त्याच हिशोबानं मांडल्या आहेत.

१. महिना आणि ठिकाण ठरवा

जानेवारीचा मध्य ते मार्चचा मध्य, हा काळ धरा. बर्फामुळे भरल (हिमालयातल्या निळ्या मेंढ्या) खालच्या उतारांवर येतात आणि त्यांच्यामागे बिबट्याही. हाच बिबट्यांचा जोडीचा हंगाम, त्यामुळे ते जास्त फिरतात, खडकांवर खुणा करतात, ओरडतात. शिवाय ताज्या बर्फावर पाऊल उठतं. उन्हाळ्यात गेलात तर गारवा मिळेल, बिबट्या बहुधा नाही.

ठिकाणं मुख्यतः दोन. लडाखमध्ये हेमिस राष्ट्रीय उद्यानातलं रुंबाकचं खोरं किंवा उल्ले-सासपोत्सेकडची गावं. हिमाचलात स्पितीमधलं किब्बर आणि समोरचं चिचम. २०१९ ते २०२३ मध्ये झालेल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय अंदाजानुसार भारतात ७१८ हिमबिबटे आहेत. त्यातले ४७७ लडाखमध्ये आणि ५१ हिमाचलात. हे आकडे वाचून लगेच लेहचं तिकीट काढू नका. किब्बर आणि चिचममधली दरी इतकी खोल आणि अरुंद आहे, की या काठावर बसून पलीकडचा कडा न्याहाळता येतो. फोटोसाठी जनावर तिथे अनेकदा जास्त जवळ असतं.

खरा फरक पोचण्यात आहे. लेहला विमान तुम्हाला दिल्लीहून सव्वा-दीड तासात ३,२५० मीटरवर टाकतं. स्पितीला शिमल्यावरून किन्नौरमार्गे गाडीनं जायचं: कल्पा २,९०० च्या आसपास, मग ताबो, मग काझा ३,६५०, आणि शेवटी ४,२०० च्या वर असलेलं किब्बर. शरीराला हा रस्ता सोयीचा, पण दोन्हीकडचे मिळून पाच-सहा दिवस गाडीतच जातात आणि दरड किंवा बर्फ पडला की रस्ता बंद. मनालीवरून कुंझुम खिंडीचा रस्ता हिवाळ्यात बंदच असतो, अटल बोगदा झाला तरी. रजा मोजकी असेल तर लडाख. रजा भरपूर असेल आणि उंचीची धास्ती असेल तर स्पिती.

२. टूर निवडताना काय विचारायचं

पुण्यात बसून चार ठिकाणांहून कार्यक्रमपत्रिका मागवल्या की सगळ्या सारख्याच दिसतात. त्या बाजूला ठेवा आणि फोनवर हे विचारा.

किती पाहुण्यांमागे किती माग काढणारे? सहा जणांमागे दोन स्पॉटर आणि एक गाईड असेल तर ठीक. पाहुणे बारा आणि स्पॉटर एक, असं उत्तर आलं तर फोन ठेवा. स्पॉटर त्याच खोऱ्यातले आहेत का? उल्लेचा माणूस रुंबाकमध्ये तुमच्यापेक्षा चांगलं बघेल, पण काल संध्याकाळी बिबट्या कुठल्या घळीत उतरला हे त्याला ठाऊक नसेल.

स्पॉटिंग स्कोप (तिवईवर बसवायची मोठी एकनळी दुर्बीण) किती? ८० ते ८५ मिलिमीटर भिंगाचे, २०-६० पट झूमचे निदान दोन हवेत. एकच असला तर स्पॉटर शोधणार कशानं आणि तुम्ही बघणार कशानं?

खोऱ्यात प्रत्यक्ष किती रात्री? ‘९ दिवस ८ रात्री’ या शब्दांत दिल्लीचा मुक्काम, लेहचा आराम आणि कधीकधी पँगाँगची सहलही कोंबलेली असते. खोऱ्यात सलग सहा रात्रींपेक्षा कमी असेल तर जाऊ नका, हे आमचं स्पष्ट मत. पहिले दोन दिवस स्पॉटर खोरं वाचतात, एखादा दिवस बर्फ पडून वाया जातो. पँगाँग पत्रिकेत दिसलं तर ती टूर बिबट्याची नाही.

ऑक्सिजन सिलिंडर आणि गाडी मुक्कामाच्या जागी रात्रभर असते का? गाडी रात्री लेहला परत जाणार असेल आणि दोन वाजता कुणाला दम लागला तर काय करणार, हे विचारून उत्तर ऐका.

सापळे दोन. ‘हमखास दर्शन’ लिहिणाऱ्यांपासून लांब राहा. चार हजार मीटरवर हमी कुणी देत नाही, आणि देत असेल तर मारलेल्या जनावराजवळ पाहुण्यांना नेण्याचा आगाऊपणा तिथे होतो. दुसरा सापळा नावाजलेल्या छायाचित्रकारासोबतच्या टूरचा. शिकायला छान, पण जादा पैसे त्यांच्या नावाला जातात आणि माग काढणाऱ्यांची संख्या वाढत नाही. पैसे भरण्याआधी लेखी घ्या: उद्यानाचं शुल्क, पर्यावरण शुल्क, जीएसटी, खोलीतली बुखारी (ऊब देणारी शेगडी) आणि तिचं इंधन किमतीत धरलंय की वेगळं. रस्ता किंवा विमान बंद पडून अडकलात तर वाढीव मुक्कामाचा खर्च कुणाचा, हेही.

३. कागदपत्रं

आधार कार्ड मूळ आणि त्याच्या तीन-चार छापील प्रती. मोबाईलमधली प्रत चालते म्हणतात. बॅटरी थंडीनं मेली की चालत नाही.
डॉक्टरांचं तपासणीपत्र आणि नेहमीच्या औषधांची चिठ्ठी.
प्रवास विमा. गिर्यारोहण वगळणारं कलम आणि उंचीची मर्यादा वाचून घ्या. बऱ्याच पॉलिसी ठरावीक मीटरच्या वर हात झटकतात.
रोख रक्कम. गावात एटीएम नाही आणि नेटवर्कशिवाय यूपीआय नाही.
लडाखसाठी पोस्टपेड सिम. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड तिथे चालत नाही, हे बऱ्याच जणांना लेह विमानतळावर उतरल्यावर कळतं.

सोबत परदेशी मित्र असेल तर किन्नौर-स्पिती रस्त्यासाठी त्याचा परवाना वेगळा काढावा लागतो. आणि एक महत्त्वाचं: गार्मिन इनरीचसारखी उपग्रहावरून संदेश पाठवणारी साधनं आणि सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय जवळ बाळगणं भारतात बेकायदा आहे. अमेरिकेहून भावानं आणलेलं खेळणं घरीच ठेवा.

४. पुण्यात तीन महिने आधीपासून

पहिली गोष्ट मनातून काढून टाका: सह्याद्रीत उंचीची सवय होत नाही. राज्यातलं सगळ्यात उंच कळसूबाई १,६४६ मीटर. सिंहगड रोज चढलात तरी लेहला डोकं दुखायचं ते दुखेलच. तंदुरुस्त माणसाला उंचीचा त्रास कमी होतो असंही नाही. उलट तोच पहिल्या दिवशी जिने पळत चढतो आणि रात्री आडवा होतो.

मग सराव कशाला? दम आणि गुडघ्यांसाठी. आठवड्यातून दोनदा वेताळ टेकडी किंवा तळजाई, रविवारी आतकरवाडीच्या वाटेनं सिंहगड, पाठीवर सहा-सात किलो. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चार-पाचदा चढ-उतार केल्या तरी चालतं. उतरताना घाई नको, कारण खोऱ्यात सकाळचा उतार बर्फाळ असतो.

दुसरा सराव नजरेचा, आणि तो कुणीच करत नाही. ८×४२ किंवा १०×४२ ची दुर्बीण घेऊन सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात जा. छोटंसं, पाच चौरस किलोमीटरचं माळरान आहे. तिथे चिंकारा उघड्यावर उभा असून दिसत नाही. गाडीतून उतरून एका जागी बसा आणि माळ डावीकडून उजवीकडे पट्ट्यापट्ट्यांनी तपासा. जनावर शोधू नका, जनावराचा तुकडा शोधा: कान, पाठीची आडवी रेघ, हलणारी शेपटी. दोन-तीन सकाळी हे केलंत तर रुंबाकला तुम्ही पाहुणे कमी आणि मदत जास्त ठरता.

डॉक्टरांकडे महिनाभर आधी जा. रक्तदाब, हृदय, दमा, ॲनिमिया यांबद्दल बोला. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स या गोळीबद्दल विचारा, प्रतिबंधासाठी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात, पण सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी स्वतःच्या मनानं घेऊ नये. बोटांना मुंग्या येणं आणि लघवी जास्त होणं हे तिचे नेहमीचे परिणाम, घाबरू नका.

५. सामान

कपडे थरांचे. आत लोकरीचे किंवा सिंथेटिक थर्मल दोन जोड्या, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं जॅकेट, सगळ्यात वर वारा अडवणारं. सुती बनियन आणि जीन्स पुण्यातच राहू द्या. घाम धरून ठेवतात आणि बसल्यावर तोच घाम गोठवतो. चालताना थंडी वाजत नाही, बसल्यावर वाजते, आणि तुम्ही दिवसातले सात-आठ तास बसणार आहात. म्हणून पिसांचं जॅकेट जाडजूड हवं. पुण्यात एका सहलीसाठी विकत घेण्यापेक्षा लेहच्या बाजारात भाड्यानं घ्या.

बूट एक नंबर मोठे, आत दोन मोजे. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि बोटं बधिर होतात. हातात पातळ मोजे आणि त्यावर बोटं एकत्र ठेवणारे जाड मोजे. कॅमेऱ्यासाठी वरचे काढा, पातळ कधीच नाही. गारठलेल्या धातूच्या ट्रायपॉडला उघडा हात लावलात तर कातडी चिकटते. ट्रायपॉडच्या पायांना सायकलच्या हँडलची टेप गुंडाळून न्या.

बसायला फोमची घडीची चटई. एक लिटरचा थर्मास. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवा, कारण बर्फ वरून धरतो आणि मग तोंड मोकळं राहतं. रात्री अंथरुणात घ्यायला गरम पाण्याची रबरी पिशवी. गॉगल, ओठांना मलम, तीस-पस्तीस एसपीएफचं सनस्क्रीन पुरत नाही, पन्नासचं घ्या. रंग मळकट: खाकी, राखाडी, तपकिरी. खाऊ सुका न्या, भाकरवडी उत्तम टिकते. चॉकलेटचा मात्र दगड होतो.

कॅमेऱ्याबद्दल थोडं गणित. डोकं-धड मिळून सव्वा मीटरचं जनावर १ किलोमीटरवर असेल, तर ६०० एमएमची लेन्स ते सेन्सरवर पाऊण मिलिमीटरचं उमटवते. ३६ मिलिमीटर रुंदीच्या, २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर म्हणजे फार तर सव्वाशे पिक्सेल. लाख रुपये जास्त घालून ते दीडशे होतील. त्यापेक्षा स्कोपवर फोन बसवायचा अडॅप्टर घ्या, आपल्या फोनच्या आकाराचा, आणि घरी दहा वेळा बसवून बघा. अंधाऱ्या पहाटे मोजे घालून तो बसवता आला पाहिजे.

बॅटऱ्या तीन-चार, शर्टाच्या आतल्या खिशात. थंडीत संपलेली दिसणारी बॅटरी ऊब मिळाल्यावर पुन्हा थोडी चालते, टाकून देऊ नका. बाहेरून आत येताना कॅमेरा बाहेरच झिप पिशवीत बंद करा आणि खोलीत तासभर तसाच ठेवा. नाहीतर भिंगाच्या आत दव धरतं आणि दुसऱ्या दिवशी बाहेर नेल्यावर तेच गोठतं.

६. तिकीट

लेहची विमानं सकाळची असतात, म्हणून पुण्याहून आदल्या दिवशी दिल्ली गाठावी लागते. रात्र दिल्लीत काढा. पहाटे पुण्याहून निघून लेहचं विमान पकडायचा हिशोब जानेवारीत करू नका, दिल्लीचं धुकं तो उधळून लावतं. दोन वेगवेगळी तिकिटं असतील तर चुकलेल्या विमानाचे पैसे तुमच्या खिशातून जातात. एकाच पीएनआरवर मिळालं तर ते घ्या, दोन हजार जास्त पडले तरी.

पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच. १०० वॉट-अवरपर्यंत विनापरवानगी चालतं. २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक त्यात बसते. ट्रायपॉड आणि चाकू चेक-इनमध्ये. पिसांचं जॅकेट अंगावरच घाला, वजन वाचतं.

७. लेहचे पहिले तीन दिवस

उतरल्यावर झोपा. पहिल्या दिवशी बाजार नाही, शांती स्तूप नाही, अंघोळही नाही. दुसऱ्या दिवशी सपाटीवर थोडं फिरा. खोऱ्यात तिसऱ्या किंवा चौथ्या सकाळी. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, हा नियम धरला की टूरवाल्याची पत्रिका बरोबर आहे की नाही ते आपोआप कळतं.

पुण्यात ९८ दाखवणारं ऑक्सिमीटर इथे पहिल्या दिवशी ८५-८८ दाखवेल. त्यात विशेष काही नाही. बोट गार असेल तर ते आणखी खोटं दाखवतं. हात काखेत गरम करून मग लावा. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर त्याच उंचीवर थांबा, वर चढू नका. जमिनीवरच्या सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालताना तोल जात असेल, किंवा स्वस्थ बसूनही धाप लागत असेल आणि खोकला असेल, तर सकाळची वाट न बघता ऑक्सिजन लावून खाली आणा. मेंदूला किंवा फुप्फुसाला सूज आल्याची ती लक्षणं आहेत आणि झोपून ती जात नाहीत. ‘ग्रुपचा दिवस वाया जाईल’ म्हणून डोकेदुखी लपवणारा एक जण प्रत्येक टोळीत असतो. तो तुम्ही नसावं.

दारू नाही. पाणी तीन-साडेतीन लिटर. झोपताना गॅसचा हीटर किंवा शेगडी बंद, खिडकीची फट उघडी. बंद खोलीतल्या कार्बन मोनॉक्साइडनं माणसं दगावतात.

८. धारेवर बसल्यावर

धारेला ऊन लागण्याआधी जागेवर असायला हवं. स्पॉटर आधी उघड्या डोळ्यांनी भरलांकडे बघतात. अख्खा कळप चरणं थांबवून एकाच दिशेला टक लावून उभा असेल, तर अर्धं काम झालं. मग दुर्बिणीनं क्षितिजाची धार, मग तिच्या खालचे कंगोरे, मग कड्यांचे पायथे. उन्हं आल्यावर बिबट्या अनेकदा धारेच्या किंचित खाली, ऊन लागणाऱ्या फळीवर पडून असतो.

स्कोप २० किंवा २५ पटींवर ठेवूनच फिरवा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर एक तृतीयांश चढलेला. ६० पटींवर नवशिके शोधत बसतात. त्यात दिसणारा तुकडा इतका लहान असतो की समोरचा डोंगर संपता संपत नाही. झूम फक्त खात्रीसाठी. अकराच्या सुमारास उतार तापले की हवा थरथरायला लागते आणि प्रत्येक खडक श्वास घेतोय असं वाटतं. तेव्हा जेवा. तीननंतर पुन्हा बसा.

चालताना खुणा बघा. पुढे झुकलेल्या खडकाच्या पोटाशी मुताच्या फवाऱ्याचा डाग आणि उग्र वास, वाटेच्या कडेला मागच्या पायांनी उकरलेली खळगी, जवळच विष्ठा. पाऊल गोल, नखांशिवाय. नखं उठली असतील तर लांडगा किंवा गावचं कुत्रं. एखाद्या घळीवर डोमकावळे आणि मॅगपाय जमले असतील तर खाली मारलेलं जनावर असायची शक्यता. बिबट्या त्याच्या आसपास तीन-चार दिवस राहतो, म्हणून स्पॉटर तिथून हलत नाहीत.

आता वॉकीटॉकीवर ‘शान’ ऐकू आलं. लडाखी स्पॉटर हिमबिबट्याला शान म्हणतात. इथून पुढच्या दहा सेकंदांत बहुतेकांचा घोटाळा होतो. माणूस धावत येतो, आधारासाठी स्कोप धरतो, स्कोप केसभर हलतो, आणि आठशे मीटरवर केसभर म्हणजे अख्खा कडा. स्पॉटरला पुन्हा शोधावं लागतं, तोवर बिबट्या खडकाआड. तर: दम घ्या, दोन्ही हात पाठीमागे बांधा, वाकून डोळा भिंगापासून बोटभर लांब ठेवा, श्वास बाजूला सोडा, कारण वाफ काचेवर लगेच गोठते. काही दिसलं नाही तर स्कोपला हात न लावता स्पॉटरला सांगा. आधी पाच सेकंद बघा आणि पुढच्याला जागा द्या. सगळ्यांनी एकदा बघितल्यावर निवांत बघा. फोटो त्यानंतर.

जागा सांगताना ‘त्या दगडाजवळ’ म्हणू नका, तिथे दगडच आहेत. ‘काळी उभी चीर, तिच्या टोकापासून उजवीकडे दोन बोटं, खाली बर्फाचा त्रिकोण’ अशी ठळक खुणेवरून वाट काढत सांगा.

जवळ जायचा आग्रह धरू नका. शिकारीवरून उठलेला बिबट्या परतला नाही तर दुसरी शिकार करतो, आणि ती गावातल्या कुणाची तरी मेंढी असू शकते. ड्रोन तर बॅगेतही नको. फोटो टाकताना घळीचं नाव आणि लोकेशन काढून टाका.

९. बक्षिशी आणि परतीचा दिवस

बक्षिशी रोख द्या, स्पॉटरना वेगळी, स्वयंपाक करणाऱ्यांना वेगळी; एकत्र पाकीट गाईडच्या हातात दिलं तर वाटप तुमच्या हातात राहत नाही. बिबट्या दिसला नाही म्हणून हात आखडू नका, माणसं तितकेच तास थंडीत उभी होती.

बर्फ पडला की लेहची विमानं रद्द होतात. परतीच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात कसलीही महत्त्वाची मीटिंग ठेवू नका; दोन दिवस राखीव धरा. लेह हवाई दलाचा तळ आहे, धावपट्टीवर आणि विमानातून फोटो काढू नका. तपासणीला वेळ लागतो, अडीच तास आधी पोचा. दिल्लीहून पुण्याचं विमान संध्याकाळचं घ्या. आणि भाड्याचं जॅकेट आदल्या संध्याकाळीच परत करा, पहाटे दुकान उघडं नसतं आणि अनामत रक्कम तिथेच राहते.